कोरड्या फरशीवर अडकलेली जीप

गेल्या पावसाळ्यात मामांची जीप आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये अडकली. चिखलात नाही, कोरड्या सिमेंटवर. मुरबाडजवळच्या गावाहून ते तांदळाची पोती घेऊन आले होते. ठाण्यात घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर खोदकामामुळे नुसता राडा झाला होता, म्हणून तिथे त्यांनी फोर-व्हील टाकली, म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना दिला, आणि बाकीच्या गाड्या घसरत असताना सरळ निघून आले. पुढे गेटमधून आत शिरून पहिल्याच खांबाभोवती वळताना गाडी आखडली. स्टिअरिंग फिरेना, टायर किंचाळले, दोन धक्के बसले आणि इंजिन बंद पडलं. फोर-व्हीलची दांडी ओढली तर तीही निघेना. "अगं, काढायची राहिली बघ," मामा म्हणाले. त्यांनी रिव्हर्स टाकून गाडी हातभर मागे घेतली. खट्ट असा आवाज झाला आणि मघाशी जिद्दीला पेटलेली दांडी दोन बोटांनी सुटली.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. जुन्या फोर-बाय-फोरचं सगळं गुपित मला त्या एका 'खट्ट'मध्ये सापडलं.

गाडी वळते तेव्हा चारही चाकं सारखं अंतर कापत नाहीत. पुढची चाकं मोठ्या वर्तुळावरून जातात, मागची आतून. मागच्या आसाचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वळणावर आहे आणि दोन आसांमध्ये सव्वादोन मीटर अंतर आहे असं धरा. पायथागोरस लावला तर पुढच्या आसाची त्रिज्या साधारण ५.५ मीटर येते. काटकोनात वळताना मागची चाकं ७.८५ मीटर जातात, पुढची ८.६ मीटर. फरक पाऊण मीटरचा, म्हणजे चाकाच्या जवळजवळ एक तृतीयांश फेऱ्याचा. इंजिनाचा जोर आसापर्यंत नेणारा लांब दांडा म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट; आसातल्या क्राउन-पिनियन या गिअरच्या जोडीमुळे तो चाकाच्या सुमारे पाचपट फिरतो. तेव्हा पुढचा शाफ्ट मागच्यापेक्षा दीडेक फेरा जास्त फिरायला हवा.

पण या गाडीत तो फिरूच शकत नाही. फोर-व्हील टाकली की ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांना जोर वाटणाऱ्या गिअरच्या पेटीत, पुढचा आणि मागचा शाफ्ट दातांनी एकमेकांत अडकतात. एक जितका फिरेल तितकाच दुसरा. उरलेला दीड फेरा मग पोलादाच्या पिळात जिरतो. शाफ्ट, त्याच्या सांध्यातले क्रॉस, गिअरचे दात सगळं ताणलं जातं. चिखलात एखादा टायर जरा घसरतो आणि पीळ सुटतो. कोरड्या सिमेंटवर टायर सुटत नाही. पीळ वाढत जातो, गिअरचे दात एकमेकांवर इतके दाबले जातात की दांडीने ते सरकत नाहीत. गाडी मागे घेतली की पीळ उलगडतो. तेच ते खट्ट.

मग दोन शाफ्टच्या मध्ये एक डिफरन्शिअल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी, का घातलं नाही? कायम चारही चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांत ते असतं आणि वळताना कसलीच कटकट होत नाही. पण साध्या डिफरन्शिअलला एक खोड आहे. ते दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतं, आणि त्याची मर्यादा ठरते ज्या बाजूला पकड कमी त्या बाजूवरून. पुढचं एक चाक शेवाळावर गरगरलं की मागच्या चाकांनाही तेवढाच क्षीण जोर मिळतो आणि चार चाकांची गाडी एका चाकापायी उभी राहते. शाफ्ट अडकवून टाकले तर पुढच्यांनी हात टेकले तरी मागची ढकलत राहतात. पार्किंगमध्ये गाडी ज्यामुळे अडली, त्याचमुळे ती सर्व्हिस रोडवरून निघाली होती. या गाड्यांचे गुण आणि दोष वेगवेगळ्या भागांत राहत नाहीत. एकच लोखंड, जागा बदलली की गुण दोष होतो.

चिखलात चार चाकांचा फायदा नेमका किती, हे ढोबळ हिशेबाने पाहू. गाडी १२०० किलोची, निम्मं वजन मागच्या चाकांवर. ओल्या चिखलाचा घर्षणांक ०.३ धरला तर मागची दोन चाकं १८० किलोभाराइतकं ओढू शकतात, चारही चाकं ३६०. म्हणजे दुप्पट, असं वाटेल. पण रुतणारा चिखल स्वतःच गाडीला मागे खेचत असतो. तो विरोध वजनाच्या दहा टक्के, म्हणजे १२० किलो धरा. दोन चाकांकडे उरले ६०, चार चाकांकडे २४०. चढाच्या भाषेत सांगायचं तर पहिली गाडी १०० मीटरला ५ मीटर चढेल, दुसरी २० मीटर. फायदा चौपट झाला. चिखल आणखी दाट झाला तर पहिलीकडे काहीच उरत नाही, दुसरी तरीही हळूहळू पुढे सरकते. भाताच्या खाचरांमधली वाट ज्यांनी जुलैत पाहिली आहे त्यांना हा आकडा कागदावरचा वाटणार नाही.

याच्या जोडीला लो-रेंज. ट्रान्सफर केसमधली गिअरची आणखी एक जोडी चाकांचा वेग निम्म्याच्या आसपास आणते आणि त्याच प्रमाणात जोर वाढवते. मामांच्या इंजिनाची ताकद साठेक हॉर्सपॉवरची, आजच्या छोट्या हॅचबॅकहूनही कमी. तरी ती माणसाच्या चालीने दगडांवरून चढते. उतारावर तेच इंजिन ब्रेकचं काम करतं.

आडव्या दांड्याचा अखंड आस हाही असाच जुना आणि शहाणा भाग. एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं, आणि आसाखालची मोकळी जागा कधी कमी होत नाही. पाटेही तसेच. तेच स्प्रिंग, तेच आसाला जागेवर धरणारे हात, आणि एकमेकांवर घासून थोडेफार धक्के शोषणारेही तेच. वागळे इस्टेटमधल्या आमच्या मिस्त्रींनी तुटलेला पाटा दुपारच्या जेवणाआधी बदलून दिला. ना लॅपटॉप, ना सेन्सर. मात्र तो जड आस चाकांबरोबर वरखाली उसळतो तेव्हा कपूरबावडीच्या पुलावरच्या प्रत्येक जोडावर मणक्याला कळतं.

हे सगळं कुठून आलं, तर युद्धातून. १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने हलक्या टेहळणी गाडीची मागणी केली आणि नमुना आणून द्यायला अवघे ४९ दिवस दिले. वजन ५९० किलोच्या आत हवं होतं. ते कुणालाच जमलं नाही, शेवटी गाडी टनाच्या वर गेली. विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून १९४५ पर्यंत सहा लाखांवर गाड्या बनवल्या. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीजची जुळणी सुरू केली. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली, एक टनाच्या आतली, आणि चिखलात कमी वजन म्हणजे कमी रुतणं. एक गोष्ट मात्र विसरली जाते. आपल्या खेड्यापाड्यांत माणसं वाहणाऱ्या बहुतेक जीप फोर-व्हील नव्हत्याच. ओळखायचं तर पुढच्या आसावर डिफरन्शिअलचा गोळा आहे का, ते वाकून पाहायचं.

आता ज्या गोष्टीची मला खरी काळजी वाटते तिच्याकडे येते. चार चाकं ओढतात म्हणून गाडी लवकर थांबेल, हा समज मी सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकला आहे. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. थांबायचं अंतर ठरतं वेगाच्या वर्गावरून, म्हणजे वेग गुणिले वेग, आणि घर्षणावरून. ओल्या डांबरावर घर्षणांक ०.५ धरला तर ताशी ६० किलोमीटर वेगाला ब्रेक लागल्यापासून साधारण २८ मीटर लागतात. इंजिन किती चाकं फिरवतं, याला त्या सूत्रात जागाच नाही. उलट फोर-व्हील फसवते. दोन चाकांची गाडी निघताना घसरते आणि रस्ता निसरडा असल्याचं सांगून जाते. फोर-व्हील निमूट निघते, आणि ती गोष्ट कळते गायमुखच्या उतारावर, ब्रेक मारल्यावर. जुन्या जीपला एबीएस नसतं. चाक जाम झालं की स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही.

उंचीचा हिशेब त्याहून कडक आहे. दोन चाकांमधल्या रुंदीच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागलं की गाडी उलटण्याला किती तोंड देईल ते कळतं. साध्या मोटारींत हा आकडा १.३ ते १.५ च्या घरात असतो. रुंदी १.३ मीटर आणि गुरुत्वमध्य ६५ सेंटिमीटर असलेल्या जीपचा तो १ येतो. हौसेने मोठे टायर आणि लिफ्ट किट घालून गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर वर नेला की ०.८७. खारघरच्या रुंद रस्त्यांवर रविवारी पहाटे अशा उंचावलेल्या गाड्या वेगाने वळताना दिसतात, तेव्हा मला हा भागाकार आठवतो.

आणि टक्कर. ताशी ५० किलोमीटरवरून थांबताना गाडीचं नाक ६० सेंटिमीटर चेपलं तर आतल्या माणसाला गुरुत्वाच्या सुमारे १६ पट झटका बसतो. २० सेंटिमीटरच चेपलं तर ४९ पट. जुन्या जीपची शिडीसारखी चेसिस चेपत नाही. 'कशी मजबूत आहे बघ' असं आपण तिच्याबद्दल कौतुकाने म्हणतो, ती हीच मजबुती. मागे समोरासमोर बाक, पट्टे नाहीत, वर कापडी हूड. लहानपणी आम्ही सात भावंडं त्या बाकांवर बसून माळशेज घाटात गेलो आहोत. माझ्या मुलीला मी तसं बसू देणार नाही. शिडीची चेसिस म्हणजे धोका अटळ, असं मात्र नाही. त्याच पद्धतीच्या २०२० च्या महिंद्रा थारला ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या टक्कर-चाचणीत पाचपैकी चार तारे मिळाले. नाक चेपेल अशी रचना, एअरबॅग आणि पट्टे हे सगळं नव्याने विचार करून घालावं लागतं.

धुराचं काय? २००० साली डिझेल मोटारींना किलोमीटरमागे १४० मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती, आजच्या बीएस-६ नियमांत ती ४.५ मिलिग्रॅम आहे. मामांची जीप त्या पहिल्या नियमाच्याही आधीची. माजिवड्याच्या सिग्नलला तिच्या मागे उभ्या असलेल्या स्कूटरवाल्याने तिच्यावर प्रेम करावं, अशी अपेक्षा मी करू शकत नाही.

हे सगळे आकडे मी मामांना एका कागदावर मांडून दाखवले. त्यांनी कागद दोनदा वाचला. गणपतीला ते एसटीने आले.

कापणीला मी गावी गेले, तेव्हा परतीच्या पावसाने बांध अजून ओले होते. जीप लो-रेंजमध्ये, भाताचे भारे लादून, खाचराच्या कडेने न घसरता वर आली. डांबरी रस्ता दिसला तसे मामा थांबले. मी उतरले, हाताने चिखल पुसला आणि पुढच्या दोन्ही चाकांचे, त्यांना आसाशी जोडणारे हब फिरवून मोकळे केले.