दूरस्थ रोबोटिक शस्त्रक्रिया (मूत्रविकार)

शल्यचिकित्सक एका शहरात आणि रुग्ण दुसऱ्या शहरात असताना दूरसंचार जाळ्यातून यंत्राचे हात चालवून केलेली शस्त्रक्रिया. मूत्रविकारांमध्ये ती प्रामुख्याने प्रोस्टेट ग्रंथीच्या (पुरुषांमध्ये मूत्राशयाखाली असलेल्या ग्रंथीच्या) कर्करोगासाठी आणि मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियांसाठी वापरून पाहिली जात आहे. जगातील 5 अब्ज लोकांना सुरक्षित व परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही, असे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2015 मध्ये नोंदवले. गरीब देशांना या पद्धतीचे आकर्षण वाटते ते यामुळेच.

मूत्ररोगतज्ज्ञ या तंत्रात सुरुवातीपासून आहेत. 1998 मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथून रोममधील रुग्णाच्या मूत्रपिंडात यंत्राच्या साहाय्याने सुई घालण्यात आली. 7 सप्टेंबर 2001 रोजी फ्रेंच शल्यचिकित्सक झाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधील स्ट्रासबुर्गच्या एका महिलेचे पित्ताशय काढले. त्यानंतर बरीच वर्षे हे काम रेंगाळले, कारण भरवशाची जोडणी फार महाग होती. भारतात एसएसआय मंत्रा या देशी यंत्राला दूरशस्त्रक्रियेची परवानगी डिसेंबर 2024 मध्ये मिळाली. 2025 मध्ये शल्यचिकित्सक विपुल पटेल यांनी फ्लोरिडातील ऑरलँडो येथून अंगोलाची राजधानी लुआंडा येथील रुग्णाची प्रोस्टेट ग्रंथी काढली.

गोव्याला अंगोला परका नाही. पणजीत 1842 मध्ये स्थापन झालेल्या वैद्यकीय विद्यालयातून शिकलेले गोमंतकीय डॉक्टर पोर्तुगीज अमदानीत अंगोला आणि मोझांबिकमध्ये नोकरीला जात. तेव्हा डॉक्टर बोटीने जाई आणि तिथेच राही, म्हणून रात्री-अपरात्रीही रुग्णाच्या उशाशी कोणीतरी असे. दूरशस्त्रक्रियेचा विचार करताना हे राहणे विसरून चालत नाही.

प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेत सर्वांत नाजूक काम ग्रंथी निघाल्यानंतरचे. मूत्राशयाचे तोंड आणि मूत्रमार्गाचे टोक यांच्यात फट पडते. ती सांधण्यासाठी एकमेकांना गाठलेले दोन धागे घेतात, घड्याळातल्या सहाच्या जागेपासून दोन्ही बाजूंनी टाके घालत वर येतात आणि बाराच्या जागी गाठ मारतात. मग कॅथेटरमधून, म्हणजे मूत्राशयात घातलेल्या नळीतून, पाणी भरून कुठे गळते का ते पाहतात. मूत्रमार्गाची कड पातळ असते. चित्र उशिरा पोचले तर सुई गरजेपेक्षा पुढे जाते आणि कड फाटते. हालचाल आणि तिचे चित्र यांतला विलंब 200 मिलिसेकंदांच्या आत असेल तर अनुभवी हाताला निभावता येतो. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, त्यामुळे खंड ओलांडूनही हे जमते. 36,000 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहामार्फत मात्र जाण्यायेण्यातच अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ जातो.

रुग्णाजवळ भूलतज्ज्ञ, परिचारिका, उपकरणे बदलणारा सहायक आणि जोडणी तुटल्यास यंत्र बाजूला करून लगेच पोट उघडू शकणारा सर्जन लागतोच. रक्तपेढी आणि अखंड वीजही लागते. म्हणजे जिथे सर्जनच नाही तिथे या पद्धतीचा उपयोग नाही. जिथे सर्जन आहे पण त्या विशिष्ट शस्त्रक्रियेचा सराव नाही, तिथे तिचे मोल मोठे आहे. काही कोटींचे यंत्र आणि ठरावीक वापरानंतर टाकून द्यावी लागणारी उपकरणे हा खर्चही त्या देशानेच सोसायचा असतो. देणगीत यंत्र आले आणि उपकरणे संपली, तर ते तसेच पडून राहते.

गोव्यात अंतरे लहान आहेत. सत्तरी, काणकोण, शिवाय सिंधुदुर्गातील दोडामार्ग-सावंतवाडीचे रुग्णही ‘बांबोळीला’, म्हणजे तिथल्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) येतात. खंडापार शस्त्रक्रियेपेक्षा इथे दूरमार्गदर्शन अधिक कामाचे ठरेल: म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळातला सर्जन स्वतः दुर्बीण चालवील आणि बांबोळीचा तज्ज्ञ पडद्यावर पाहून पुढचा टाका कुठे ते सांगेल. हृदयविकाराच्या तीव्र झटक्यासाठी गोव्यातल्या स्टेमी प्रकल्पात असेच होते; ईसीजी तज्ज्ञाकडे जातो आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या केंद्रातच मिळते. काणकोणात मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन विकाराचे रुग्ण पुष्कळ आहेत, पण त्यांची गरज वेळेवर तपासणी आणि घराजवळ डायलिसिसची आहे. ती रोबोट भागवू शकत नाही.