टीव्हीमागच्या संगणकाची वंशावळ

टीव्हीला जोडायला छोटा संगणक घेतला, की त्यात कोडी, प्लेक्स किंवा जेलीफिन, म्हणजे स्वतःकडचे चित्रपट-गाणी टीव्हीवर लावणारं सॉफ्टवेअर, टाका असा सल्ला हमखास मिळतो. या तिन्ही सॉफ्टवेअरची मुळं मायक्रोसॉफ्टच्या दोन उत्पादनांपर्यंत जातात, आणि ती दोन्ही उत्पादनं कंपनीने केव्हाच सोडून दिली आहेत.

पहिलं म्हणजे २००१ साली आलेला मूळ एक्सबॉक्स. ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी आणि हार्ड डिस्क असलेला हा गेम कन्सोल मुळात टीव्हीला जोडलेला संगणकच होता. हौशी प्रोग्रामरांनी मोडचिप (कन्सोलचं संरक्षण चुकवणारी छोटी चिप) बसवून त्याची कुलपं उघडली आणि चित्रपट, गाणी वाजवणारा प्लेअर लिहिला. २००४ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली, नाव एक्सबॉक्स मीडिया सेंटर. एक्सबॉक्ससाठी प्रोग्राम बनवायची मायक्रोसॉफ्टची अवजारं विनापरवाना वापरल्यामुळे प्रकल्पाला तयार प्रोग्राम वाटता येत नसे, फक्त सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, खुला ठेवला जाई. त्यानेच हे काम तगलं. एचडी चित्रपट जुन्या कन्सोलला झेपेनात, तेव्हा तोच कोड लिनक्स, विंडोज आणि मॅकवर नेता आला. मॅकच्या फांदीतून २००८ मध्ये प्लेक्स निघालं. मूळ प्रकल्पाचं २०१४ मध्ये कोडी झालं.

दुसरं उत्पादन विंडोज मीडिया सेंटर. २००२ मध्ये ते आलं तेव्हा सोफ्यावरून रिमोटने संगणक चालवणं ही नवलाई होती. विंडोज १० मधून ते काढून टाकलं गेलं. त्याच्यासाठी लिहिलेलं मीडिया ब्राउझर हे जोड-सॉफ्टवेअर मात्र स्वतंत्र सर्व्हर (घरातल्या इतर उपकरणांना चित्रपट-गाणी पुरवणारं सॉफ्टवेअर) बनलं आणि पुढे एम्बी झालं. एम्बीचा कोड सर्वांसाठी खुला राहिला नाही, तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये स्वयंसेवकांनी आधीच्या खुल्या कोडवरून जेलीफिन उभं केलं.

मधल्या काळात ओटीटी आलं. अनेक सेवा कॉपी-संरक्षणाच्या अटींमुळे संगणकाच्या ब्राउझरवर फोर-के चित्र देत नाहीत, म्हणून तेवढ्यासाठी टीव्हीत खोचायची स्वस्त स्ट्रीमिंग स्टिकच बरी. पण कॅसेटवरून उतरवलेलं लग्न, नाटकांच्या जुन्या व्हीसीडी, स्वतः विकत घेतलेल्या डिस्क यांना कुठलीच ओटीटी जागा देणार नाही. त्यामुळे माझ्या मते नव्याने जुळणी करणाऱ्याने संगणक टीव्हीमागे कोंबण्यापेक्षा राउटरशेजारी ठेवावा, त्यावर जेलीफिनचा सर्व्हर चालवावा आणि टीव्हीवर फक्त त्याचं ॲप घ्यावं.