कूपर ब्लॅक की विंडसर बोल्ड? आधी पाय बघा

जाड, गुबगुबीत, सत्तरच्या दशकाची आठवण करून देणारं इंग्रजी शीर्षक दिसलं की त्याच्या फॉन्टला सरसकट ‘कूपर’ म्हटलं जातं. त्यातलं बरंच विंडसर बोल्ड असतं. खरं तर दोन्ही त्या दशकाचे नव्हेत, तेव्हा ते पुन्हा चलनात आले एवढंच. एलिशा पेचीच्या विंडसरचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेकनं १९०५ साली बाजारात आणले. कूपर ब्लॅक शिकागोच्या ओझवल्ड कूपरचा, १९२२चा.

ओळखायला स्मॉल एच, एम किंवा एन शोधा. विंडसरमध्ये त्यांचा उजवा पाय सरळ खाली न येता बाहेर फाकतो, पाऊल टाकल्यासारखा. स्मॉल ईची मधली रेघ तिरकी असते, कॅपिटल पी आणि आरचं डोकं अंगापेक्षा मोठं. एवढं दिसलं तर पुढे तपासायची गरज नाही. कूपर ब्लॅकचे पाय सरळ असतात, पण सेरिफ, म्हणजे रेघांच्या टोकांची छोटी पावलं, तळाशीसुद्धा फुगीर, एकही कोपरा टोकदार नाही. ओच्या आतली पोकळी मागे रेललेली.

या फुगीर तळातच कूपरचं सगळं बळ आहे. अक्षर आधाररेषेला सपाट टेकत नाही, त्यामुळे एखादं किंचित वरखाली झालं तरी डोळ्याला खुपत नाही. टीशर्टवर इस्त्रीनं चिकटवायची सुटी अक्षरं म्हणूनच त्यात शोभतात. विनाइल कापतानाही फायदा होतो: पाटीवरून आधी सुटतात ते टोकदार कोपरे, आणि इथे ते नाहीतच. मात्र शेजारी सपाट तळाचा फॉन्ट असेल तर कूपर तरंगल्यासारखा दिसतो. तेव्हा सॉफ्टवेअरमधल्या गाइडच्या रेघेवर विसंबू नका, डोळ्यानं बघून केसभर खाली घ्या.

कूपर बिघडतो तो आतून. स्मॉल ए आणि ईच्या पोकळ्या इतक्या चिंचोळ्या आहेत की न्यूजप्रिंटवर शाई पसरली की बुजतात. अशा कागदावर २४ पॉइंटांखाली जाऊ नये. गडद जमिनीवर पांढरं अक्षर सोडताना मात्र उलट घडतं: शाई अक्षराच्या कडा खाते, कूपर ती झीज सोसतो आणि विंडसरचे बारीक जोड तुटतात. ईझीजेट या विमान कंपनीचं नारिंगीवरचं पांढरं नाव कूपर ब्लॅकमध्येच आहे.

विंडसर चार-पाच शब्दांच्या ओळीसाठी चांगला, त्याच्या जाड-बारीक रेषांमुळे वाचायला गती मिळते. कूपर एक-दोन शब्दांनाच, तेही सगळे कॅपिटल न करता. मोठ्या आकारात कूपरचं ट्रॅकिंग, म्हणजे सगळ्या अक्षरांमधलं अंतर, उणे १० ते उणे २० करावं. विंडसरला ते लावलं की एनचा फाकलेला पाय पुढच्या अक्षराला अडकतो आणि वर फट तशीच राहते. तिथे जोडी-जोडीनं हातानं कर्निंग करणं, म्हणजे दोन-दोन अक्षरांमधलं अंतर जुळवणं, हाच उपाय. आणि कूपर हाताशी नाही म्हणून विंडसरला स्ट्रोक (कडेभोवती रेघ) देऊन फुगवू नका: पोकळ्या बुजतात, पाय तिरके ते तिरकेच.

सोबत मराठी असेल तर कूपरशेजारी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा ‘मोदक’ हा देवनागरी फॉन्ट छान बसतो, दोघांचं अंग सारखंच भरलेलं. शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची, मात्रा सोडून, कूपरच्या स्मॉल एक्सपेक्षा थोडी जास्त आणि कॅपिटलपेक्षा कमी ठेवा. विंडसरशेजारी मोदक ठेवला तर विंडसर अशक्त वाटतो. त्याला जाड-बारीक रेषांची देवनागरीच हवी.