राष्ट्रप्रमुखाची प्रश्नोत्तरे (कल्पित राष्ट्ररचना)

कल्पित राष्ट्र रचणाऱ्याने त्या राष्ट्राचा राजा, अध्यक्ष किंवा पंतप्रधान म्हणून बोलायचे आणि इतरांनी परदेशी वकील, व्यापारी, वार्ताहर वा प्रवासी म्हणून त्याला राज्यकारभार व चालीरीतींविषयी प्रश्न विचारायचे, अशी ही लेखनपद्धत आहे. नकाशा, झेंडा आणि राजमुद्रा काढली की राष्ट्र दिसू लागते. ते चालते कसे, हे मात्र परक्याने विचारेपर्यंत रचणाऱ्यालाही ठाऊक नसते. दिलेले उत्तर मागे घेता येत नाही, हा या पद्धतीचा मुख्य नियम. एकदा उत्तर गेले की राष्ट्र त्याला बांधले जाते, आणि अशा उत्तरांतूनच त्याची राज्यघटना तयार होते.

पूर्वपीठिका

१९३३ च्या मोंतेविदेओ करारात राज्याची चार लक्षणे दिली आहेत : कायम वस्ती, ठरलेला प्रदेश, सरकार आणि इतर राज्यांशी व्यवहार करण्याची क्षमता. कल्पित राष्ट्राला पहिली तीन कागदावर सहज मिळतात. चौथे मिळवायला समोर दुसरा कोणी लागतो, आणि ही प्रश्नोत्तरे त्यासाठीच असतात. इंटरनेटवर हा प्रकार रुजवण्यात २००२ साली सुरू झालेल्या ‘नेशनस्टेट्स’ या खेळाचा मोठा वाटा आहे. त्यात प्रत्येक खेळाडू एक राष्ट्र चालवतो.

मराठी लेखकाला मात्र आदर्श शोधायला इतके लांब जावे लागत नाही. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन हा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील मागण्या घेऊन रायगडावर आला होता. कंपनीची नाणी स्वराज्यात चालावीत, ही त्यांतली एक मागणी. शिवाजी महाराजांच्या उत्तराचा आशय असा : कोणत्याही नाण्याला आम्ही बंदी करत नाही, पण ज्यात रयतेचा तोटा आहे ते नाणे घेण्याची तिच्यावर सक्तीही करणार नाही, तुमचे नाणे कसाला आणि वजनाला इतरांच्या बरोबरीचे असेल तर ते चालेल. या एका उत्तरात चलनाचे धोरण आहे, राजाच्या अधिकाराची मर्यादा आहे आणि परक्याला दिलेली अटही आहे. कल्पित राष्ट्रप्रमुखाचे उत्तर असेच घट्ट विणीचे असावे.

सांगाडा आणि आकड्यांचा मेळ

प्रश्न मागवण्यापूर्वी एका पानाचा सांगाडा तयार ठेवतात : क्षेत्रफळ, लोकसंख्या, राजधानी, भाषा, चलन, शासनाचा प्रकार, प्रमुखाचे पद व मुदत, शेजारी, मुख्य नदी, मुख्य पीक आणि राष्ट्र कोणत्या काळात आहे ते वर्ष. याहून जास्त आधी लिहू नये. वीस पानांचा इतिहास लिहून बसलेला रचनाकार प्रत्येक प्रश्नाला त्यातलेच एक पान चिकटवतो आणि विचारणारे दुसऱ्या दिवशी फिरकत नाहीत.

आकडे मात्र आधीच जुळवून घ्यावेत. मोजमापाला नाशिक जिल्हा सोयीचा आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १५,५०० चौ. किमी., २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६१,०७,१८७ आणि घनता चौरस किलोमीटरला ३९३. आपले राष्ट्र याच्या निम्मे आणि डोंगराळ असेल, तर त्यात दोन कोटी माणसे बसणार नाहीत. कायदेमंडळ किती जणांचे, या नेहमीच्या प्रश्नाला लोकसंख्येच्या घनमुळाचा आडाखा वापरतात. अनेक देशांची कायदेमंडळे या आकड्याच्या आसपास असतात. नाशिक जिल्ह्याएवढ्या राष्ट्राला तो सुमारे १८३ येतो, ४० लाखांच्या राष्ट्राला १५९. त्याहून फार वेगळी संख्या घ्यायला हरकत नाही, पण मग तिचे कारण प्रमुखाच्या तोंडी असले पाहिजे. शांततेच्या काळातले खडे सैन्य लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आत ठेवावे. दहा टक्के सैन्य सांगितले की शेत कोण कसते, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच.

प्रमुख कोण आणि त्याला काय ठाऊक

प्रमुखाबद्दल चार गोष्टी ठरवाव्यात : तो पदावर कसा आला, त्याला पदावरून कोण काढू शकते, कोणत्या बाबतीत त्याला दुसऱ्याची संमती लागते, आणि कोणत्या बाबी त्याला मुळातच माहीत नसतात. चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि उत्तरे तिथेच खोटी वाटू लागतात. महाराणी बांधकामाचा चुना मळण्याचे प्रमाण सांगू लागली, तर बोलणारी महाराणी नसून रचनाकार आहे हे लगेच उघड होते. असा प्रश्न खात्याकडे वळवावा. अष्टप्रधानांत परराष्ट्र व्यवहार सुमंताकडे, म्हणजे डबिराकडे होता. जमाखर्च अमात्याकडे, पत्रव्यवहार सचिवाकडे. अशी वाटणी आधी केली की ‘याचे उत्तर आमचे अमात्य देतील’ हेही राष्ट्राविषयीचे एक उत्तर ठरते.

संबोधन सुरुवातीलाच ठरवावे. राजा ‘आम्ही’ म्हणेल, निवडून आलेला अध्यक्ष ‘मी’ किंवा ‘माझे सरकार’. परदेशी वकील ‘महाराज’ किंवा ‘अध्यक्ष महोदय’ म्हणेल आणि ‘आपण’ वापरेल. वार्ताहर ‘तुम्ही’वर येईल. राजाच्या उत्तरात मधेच ‘मला वाटतं’ आले की भूमिका सुटते.

प्रश्न घेण्याची रीत

भारतीय संसदेच्या प्रश्नोत्तराच्या तासाची घडण येथे जशीच्या तशी उपयोगी पडते. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न असतात. त्यांना मंत्री तोंडी उत्तर देतो आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित २३० असतात. त्यांना लेखी उत्तर मिळते, पुरवणी नाही. कल्पित राष्ट्रासाठी हेच प्रमाण लहान करतात. एका सत्रात पाचसहा तारांकित प्रश्न प्रमुखाने स्वतः घ्यावेत, प्रत्येकी एकदोन पुरवण्या द्याव्यात. बाकीच्यांना कार्यालयाने दोनतीन ओळींत उत्तर द्यावे. एका पाहुण्याला दोन प्रश्न आणि आठवड्याची मुदत पुरते. मर्यादा नसेल तर एकच उत्साही पाहुणा पंचवीस प्रश्न टाकतो आणि रचनाकार तिसऱ्या दिवशी दमून सगळे सोडून देतो.

उत्तर ८० ते १५० शब्दांचे असावे. पहिल्याच वाक्यात सरळ उत्तर, मग नियम, मग त्या नियमाला असलेला अपवाद आणि शेवटी तो नियम रोजच्या व्यवहारात कसा दिसतो ते. अपवाद कधी गाळू नये. ‘आमच्याकडे सर्वांना समान न्याय आहे’ हे उत्तर नव्हे. सातघाट नावाचे एक डोंगरी राष्ट्र कल्पून त्याच प्रश्नाचे चालणारे उत्तर असे देता येईल : ‘पन्नास नाण्यांपर्यंतचा तंटा गावच्या चावडीवर सुटतो. निकाल मान्य नसेल तर चाळीस दिवसांत घाटन्यायालयात जाता येते. मेंढपाळांना ही मुदत नाही, कारण ते आठ महिने गावाबाहेर असतात; त्यांचे तंटे परतल्यावर पहिल्या पौर्णिमेला ऐकतात. त्यामुळे त्या आठवड्यात न्यायालयापुढे कळप असतात आणि शहरातले लोक तक्रार करतात.’ मेंढपाळांच्या अपवादाने या राष्ट्राला भूगोल दिला, तक्रारीने राजकारण दिले.

नकार देणे हाही प्रमुखाचा अधिकार आहे, पण नकाराचे कारण द्यावे. किल्ल्यावर किती तोफा आहेत, हे वकिलाला कोणी सांगत नाही. ‘आपल्या राजाला विचारा, तो आपल्या तोफा मोजू देईल का’ हे उत्तर पुरे. भूमिकेबाहेरचे काही सांगायचे असेल, तर ते चौकटी कंसात वेगळ्या ओळीवर लिहितात.

नाशिकचा मालमसाला

नाशिकमध्ये बसून राष्ट्र रचणाऱ्याच्या हाताशी कारभाराचे अस्सल पेच भरपूर आहेत. गोदावरीचा त्र्यंबकचा उगम तसाच ठेवून फक्त नदीचे नाव बदलायचे, काळ्या रामाच्या मंदिराला दुसरा देव द्यायचा, हा आळशी मार्ग झाला. त्यातून नाशिकचीच फिकी नक्कल उरते. नाव सोडून पेच उचलावा.

पाण्याचा पेच घ्या. गोदावरीच्या वरच्या अंगाला नाशिक-नगरची धरणे, खाली जायकवाडी. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले. या वाटपाचे सूत्र सुचवणाऱ्या मेंढेगिरी समितीनुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरून पाणी सोडायचे. आता सातघाटाला खालच्या राष्ट्राचा वकील विचारतो, ‘आमचे पाणी कधी सोडणार?’ प्रमुखाला तारीख सांगावी लागेल, पातळी सांगावी लागेल, ती कोण मोजते ते सांगावे लागेल आणि वाटेत जिरलेले पाणी कोणाच्या खाती धरायचे, हेही. यातले एक जरी गाळले, तरी पुरवणी प्रश्न नेमका त्याच जागी येतो.

व्यापाराचे प्रश्न कांद्यावरून सुचतात. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली आणि ४ मे २०२४ ला उठली. बंदरात उभ्या असलेल्या मालाचे काय, अगोदर झालेल्या सौद्यांचे काय, हे प्रश्न अशा वेळी तातडीचे होतात. परदेशी व्यापाऱ्याच्या भूमिकेत असलेल्याने सरळ विचारावे : आपल्याकडे निर्यात कोण बंद करू शकतो, किती दिवसांच्या सूचनेने, आणि शेतकऱ्याने कांदाचाळीत साठवलेल्या मालाची भरपाई कोण देतो?

सोहळ्यांच्या बाबतीत सिंहस्थासारखा नमुना मिळणार नाही. गुरू सिंह राशीत असताना, म्हणजे साधारण बारा वर्षांनी हा मेळा भरतो. तीन वैष्णव आखाडे नाशिकला रामकुंडात आणि उरलेले दहा त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात स्नान करतात. ही विभागणी पेशवेकाळातल्या तंट्यातून आली. स्नानाला आधी कोण उतरणार हा वाद मिटवायला राज्याने दोन ठिकाणे करून दिली, यात धर्म आणि शासन यांचे नाते एका निर्णयात दिसते. कल्पित राष्ट्राच्या महोत्सवाबद्दल विचारले, तर रंग-रोषणाईच्या आधी मानाचा क्रम कोणी ठरवला आणि त्यावर कोण नाराज आहे, ते सांगावे.

संस्कृतीची उत्तरे सर्वांत जास्त फसतात, कारण लोक पोशाख, पदार्थ आणि नृत्य यांची यादी देतात. यादीऐवजी कारण द्यावे. नाशिकच्या द्राक्षबागेत एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी आणि साधारण जानेवारी ते मार्च तोडणी असते. पिकण्याच्या वेळी अवकाळी पाऊस आला की मणी तडकतात, दमट हवेत केवडा आणि भुरी हे रोग पडतात. द्राक्षावर जगणाऱ्या राष्ट्रात लग्ने तोडणी संपल्यावर होतील, कर्जाचे हप्ते त्याच महिन्यात पडतील आणि हिवाळ्यातल्या ढगांना घाबरणाऱ्या म्हणी असतील. हंगाम पक्का केला की सण, जेवण आणि शिव्या आपोआप जुळतात.

आकड्याने उत्तराला किती बळ येते, हे पाहायला नाशिकच्या त्रिरश्मी (पांडव) लेण्यांतील दहाव्या लेण्यात जावे. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) अक्षय ठेव दिल्याचे तिथे कोरले आहे. २,००० गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) महिना शेकडा एक दराने, १,००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने; मुद्दल परत करायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. राजघराणे पैसे कोणाकडे ठेवी, व्याज किती मिळे, विणकरांची पत काय होती, हे सगळे या आकड्यांतून कळते. दानशूरपणाची नुसती विशेषणे असती तर यातले काहीच कळले नसते.

प्रश्नच सुचत नसतील तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा नाशिक खंड (१८८३) उघडावा. वर्णन, उत्पादन, लोक, शेती, भांडवल, व्यापार, इतिहास, जमीन महसूल, न्याय, शिक्षण, आरोग्य ही त्याची प्रकरणे म्हणजे परक्या सत्तेने एका प्रदेशाला विचारलेले प्रश्नच आहेत. परदेशी पाहुण्याने कुठून सुरुवात करावी, हे त्या अनुक्रमणिकेवरून ठरवता येते.

नोंदवही आणि विसंगती

प्रत्येक उत्तर त्याच दिवशी नोंदवहीत उतरवावे : अनुक्रमांक, खरी तारीख, राष्ट्रातली तारीख, विचारणारा आणि उत्तरातून ठरलेली गोष्ट एका ओळीत. ‘क्र. १४ : तंट्याची मर्यादा पन्नास नाणी’ एवढे पुरते. नोंदवही नसेल तर दहाबारा उत्तरांतच चलनाचे दर, मुदती आणि अंतरे एकमेकांशी भांडू लागतात. राजधानीहून बंदर एकदा दोन दिवसांवर आणि नंतर पाच दिवसांवर, ही सर्वाधिक आढळणारी चूक.

विसंगती सापडली तर जुने उत्तर गुपचूप पुसू नये. पाहुण्यांनी पुढचे प्रश्न त्यावर बांधलेले असतात. मधल्या काळात कायदा बदलल्याचे तारखेसह जाहीर करता येते. किंवा कार्यालयाकडून शुद्धिपत्रक काढावे, आणि चूक ज्याच्याकडून झाली त्या कारकुनाचे पुढे काय झाले ते सांगावे. प्रमुख पहिल्या वेळी खोटे बोलला होता, असे ठरवण्याचीही वाट आहे. ती सर्वांत रसाळ असते, पण एका राष्ट्रात एकदाच वापरावी. दुसऱ्यांदा वापरली की पाहुणे कोणत्याच उत्तरावर विश्वास ठेवत नाहीत आणि विचारायचे थांबवतात.

सत्र बंद करताना प्रमुखाने अनुत्तरित प्रश्नांची यादी वाचावी आणि त्यांतले कोणते पुढच्या सत्रात घेणार, कोणते कोणत्या खात्याकडे गेले, ते सांगावे. शक्यतो एक प्रश्न पाहुण्यांनाही उलट विचारावा. त्यांच्या राष्ट्रांना तेव्हा उत्तरे द्यावी लागतात आणि पुढचे सत्र त्यांच्याकडे भरते.