अंटार्क्टिका मोहिमेवर जायचंय? अर्ज कुठे, पात्रता काय, कागद कोणते

अंटार्क्टिकाच्या भारतीय मोहिमेचा नेता व्हायचं तर अर्ज कुठे करायचा? त्या पदासाठी वेगळी परीक्षा नसते. आधी सदस्य म्हणून जायचं, शक्य झालं तर तिथला हिवाळा काढायचा. नेता सहसा अशा अनुभवी माणसांतूनच नेमला जातो. त्यामुळे सुरुवातीचा अर्ज सदस्यत्वाचा.

मोहिमेचं सगळं काम गोव्यात, वास्कोच्या हेडलँड सडा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतं. हे केंद्र पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचं. डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली मोहीम निघाली तीही गोव्याच्याच मुरगाव बंदरातून. दोनच वर्षांनी नागपूरच्या समुद्रशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत अंटार्क्टिकाला गेल्या होत्या.

जाण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला संशोधनाचा. केंद्र प्रकल्प प्रस्ताव मागवतं, पण ते संस्थेमार्फतच जातात. एकट्या विद्यार्थ्याने अर्ज पाठवून काही होत नाही, मार्गदर्शकाच्या प्रकल्पात नाव लागावं लागतं. आपल्याकडे पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची माणसं अंटार्क्टिकावरच्या मैत्री या भारतीय स्थानकावर वर्षानुवर्षं निरीक्षणं घेत आली आहेत. प्रस्तावात विषय, किती माणसं, उन्हाळी की हिवाळी, कोणती उपकरणं, त्यांचं वजन आणि तिथल्या पर्यावरणावर होणारा परिणाम हे नीट मांडावं. 'हे काम इथे भारतात का होणार नाही?' याचं उत्तर दोन ओळींत देता आलं नाही, तर प्रस्ताव परत लिहा. सर्वात जास्त वेळ याच प्रश्नाला द्यावा असं माझं मत आहे.

दुसरा रस्ता स्थानक चालवणाऱ्यांचा. डॉक्टर, स्वयंपाकी, डिझेल मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वेल्डर यांची कंत्राटी भरती जाहिरात देऊन होते. शिक्षणाची, अनुभवाची आणि वयाची अट पदागणिक वेगळी असते. मुलाखतीला मूळ प्रमाणपत्रं, अनुभवाचे दाखले आणि ओळखपत्र लागतं. दाखल्यावर नुसतं 'काम केले' नको. कोणत्या जनरेटरवर, किती वर्षं, हे लिहून घ्या.

निवड झाल्यावर वैद्यकीय तपासणी. ती सहसा दिल्लीच्या एम्समध्ये होते आणि हिवाळ्याला थांबणाऱ्यांची मानसिक तपासणीही होते. कारण उघड आहे: मैत्रीवर सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही, आणि त्या काळात कुणाला परत आणणं जवळपास अशक्य असतं. जुना आजार लपवू नका, सोबतच्या वीस-पंचवीस जणांचा जीव त्यात गुंतलेला असतो. पुढे उत्तराखंडातल्या औलीला आयटीबीपीच्या (भारत-तिबेट सीमा पोलीस) संस्थेत बर्फावरचं प्रशिक्षण. दोरावर चढणं-उतरणं, बर्फाच्या भेगेत पडलेल्याला वर काढणं, तंबूत राहणं. भावी नेता कोण, हे तिथेच कळायला लागतं.

पासपोर्टची मुदत आधी तपासा. हिवाळी सदस्य वर्षाहून अधिक काळ बाहेर असतो आणि वाट बहुधा केपटाऊनवरून जाते. नोकरीत असाल तर कार्यालयाचं ना हरकत पत्रही वेळेत मागा, ते सगळ्यात उशिरा हाती पडतं.

२०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्यानुसार मोहिमेला परवाना लागतो आणि परकं बी, माती, प्राणी तिथे नेता येत नाहीत. म्हणून बॅग भरताना बुटांचे तळवे घासून धुवा, जॅकेटच्या वेल्क्रोत अडकलेली कुसळं चिमट्याने एकेक काढा.