भ्रूणाला धक्का न लावता त्याची पारख : पार्श्वभूमी

जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे जन्मली, त्या काळी भ्रूण पारखण्याचे साधन म्हणजे सूक्ष्मदर्शक आणि पाहणाऱ्याची सरावलेली नजर एवढेच होते. पेशी किती, त्या सारख्या आकाराच्या आहेत का, यांवर श्रेणी ठरे. १९९९ मध्ये गार्डनर व स्कूलक्राफ्ट या संशोधकांनी पाचव्या दिवसाच्या भ्रूणासाठी, म्हणजे ब्लास्टोसिस्टसाठी, मांडलेली श्रेणीपद्धत आजही प्रयोगशाळांत रुळलेली आहे. तरीही देखण्या भ्रूणातील गुणसूत्रे बिघडलेली असू शकतात, हे नजरेला कळत नाही.

गुणसूत्रे तपासण्यासाठी तिसऱ्या दिवशीच्या भ्रूणातील एखादी पेशी काढून घेण्याची पद्धत पुढे रूढ झाली. मात्र २००७ मध्ये नेदरलँड्समधील चाचणीत पस्तिशी ओलांडलेल्या ज्या स्त्रियांच्या भ्रूणांची अशी तपासणी झाली, त्यांच्यात गर्भधारणेचे प्रमाण २५ टक्के, तर तपासणी न झालेल्यांत ३७ टक्के आढळले, आणि भ्रूणाला न दुखावणाऱ्या पर्यायांचा शोध अधिक निकडीचा झाला.

त्या शोधाचे मूळ मात्र जुने आहे. तेलाच्या थराखाली ठेवलेल्या काही मायक्रोलिटरच्या थेंबात भ्रूण वाढते, त्यातूनच पोषण घेते आणि टाकाऊ द्रव्ये त्यातच सोडते. भ्रूण उचलल्यावर एरवी फेकून दिला जाणारा हा थेंबच तपासावा, ही कल्पना मला या इतिहासातील सर्वांत चतुर वाटते. संशोधक हेन्री लीस व सहकाऱ्यांनी १९८६ मध्येच मानवी भ्रूण त्यातून किती पायरुवेट (पेशींना ऊर्जा देणारे द्रव्य) उचलते हे मोजून दाखवले होते. पुढे याच द्रवावर अवरक्त वर्णपटाचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने द्रवातील घटक ओळखण्याचे, प्रयोग गाजले, पण यादृच्छिक चाचण्यांत, म्हणजे सहभागींचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडून केलेल्या चाचण्यांत, त्यांचा लाभ दिसला नाही. भ्रूणाची ठरावीक अंतराने छायाचित्रे घेणाऱ्या, इनक्युबेटरमधील टाइम-लॅप्स कॅमेऱ्याचेही तेच झाले : २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, १,५७५ सहभागींच्या चाचणीत जन्मदर वाढला नाही. निवड कितीही अचूक केली तरी हाती असलेली भ्रूणे सुधारत नाहीत, हे जाहिरातींत सहसा सांगितले जात नाही.

२०१३ च्या सुमारास त्याच थेंबात भ्रूणाचा डीएनए सापडला आणि २०१६ मध्ये त्यावरून गुणसूत्रांची तपासणी करून दाखवण्यात आली. त्यात बीजांडाभोवतीच्या पेशींमुळे आईचा डीएनए मिसळतो, ही मुख्य अडचण. शिवाय या तपासणीत लिंगही कळू शकते. लिंगनिदानाविरुद्ध १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम कायदा महाराष्ट्राने केला आणि आज केंद्रीय कायद्यानुसार गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही गुन्हा आहे, त्यामुळे भारतात ही पद्धत या कायद्याच्या चौकटीतच वापरावी लागते.