सर्व्हर कोणाच्या हातात? शूटर खेळणाऱ्यांच्या मागण्यांची पार्श्वभूमी

फर्स्ट पर्सन शूटर, म्हणजे पात्राच्या नजरेतून पाहत गोळीबार करायचा गेम, खेळणाऱ्या कोणालाही विचारा, पुढच्या गेममध्ये काय हवं? ‘अजून भारी ग्राफिक्स’ हे उत्तर क्वचितच पहिलं येतं. चीटर आवरा, सर्व्हर (मॅच चालवणारं मशीन) सुधारा, मॅचमेकिंग (आपोआप जोड्या लावणं) नेमकं कसं चालतं ते सांगा, सर्व्हर ब्राउझर (सर्व्हर स्वतः निवडायची यादी) परत आणा, मोड (मूळ गेम बदलून केलेली खेळाडूंची आवृत्ती) बनवू द्या, अशी यादी सुरू होते. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच गोष्टी २५ वर्षांपूर्वी खेळाडूंकडे होत्याच. पुढे त्या एकेक करून गेल्या; काही सोयीपायी, काही धंद्यापायी.

भिंतींच्या चक्रव्यूहात स्वतःच्या नजरेतून फिरायचं आणि दुसऱ्याला टिपायचं, ही कल्पना १९७३-७४ च्या ‘मेझ वॉर’पासूनची. पण खेळाडूंच्या सवयी घडवल्या त्या आयडी सॉफ्टवेअर या कंपनीने. १९९२ मध्ये ‘वुल्फेन्स्टाइन ३डी’ आला आणि डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’. डूमचा पहिला भाग फुकट वाटला गेला, हे सगळे सांगतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आयडीच्या जॉन कार्मॅकने मॅप, चित्रं आणि आवाज मूळ प्रोग्रामपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवले होते. त्यामुळे गेमला धक्का न लावता कोणीही आपला मॅप बनवू शकत होता, आणि लोकांनी ते ढिगाने बनवले. १९९७ मध्ये तर डूमचा सोर्स कोडच खुला झाला.

१९९६ च्या ‘क्वेक’ने हाच मोकळेपणा इंटरनेटवर नेला. सर्व्हर कंपनीचा नसायचा. ज्याच्याकडे बरं मशीन आणि बरी लाइन, तो सर्व्हर चालवायचा, नियम ठरवायचा आणि दंगेखोराला हाकलायचा. ‘टीम फोर्ट्रेस’ हा क्वेकचाच मोड. ‘काउंटर-स्ट्राइक’ १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’चा मोड म्हणून मिन ली आणि जेस क्लिफ यांनी बनवला, वर्षभराने ‘हाफ-लाइफ’ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने तो आपल्याकडे घेतला. आज ज्यावर स्पर्धा भरतात त्या खेळाचा मूळ आराखडा असा कंपनीबाहेर तयार झाला. म्हणून ‘मोड बनवू द्या’ ही मागणी मला तरी जुन्या आठवणींचा उमाळा वाटत नाही.

लॅगची, म्हणजे इंटरनेटवरून ये-जा होताना लागणाऱ्या उशिराची, तक्रारही तेव्हापासूनचीच. मोडेमच्या काळात क्वेकमध्ये बटण दाबल्यावर पाऊल पुढे पडायला सर्व्हरची परवानगी येईपर्यंत थांबावं लागे. १९९६ च्या अखेरीस आलेल्या ‘क्वेकवर्ल्ड’ने हालचाल आधी तुमच्याच मशीनवर दाखवायला सुरुवात केली आणि चूक असल्यास सर्व्हरने मागाहून सुधारायची, असं ठरलं. नेमबाजीचा प्रश्न मात्र उरला. ‘कोपऱ्याआड शिरलो होतो, तरी मेलो!’ हे न ओरडलेला खेळाडू सापडणं कठीण. त्यामागे बहुधा ठरवून केलेली तडजोड असते. समोरच्याच्या स्क्रीनवर तुम्ही नेहमी थोडे जुने दिसता. त्याने गोळी झाडली की सर्व्हर घड्याळ मागे नेतो आणि त्या क्षणी त्याला जे दिसत होतं त्यावर निवाडा देतो. तुमचं आडोशाला जाणं त्याच्यापर्यंत पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागला, तर तेवढ्या वेळात त्याने मारलेली गोळी खरी धरली जाते. व्हॉल्व्हच्या यान बर्नियर यांनी २००१ मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली. ती नसेल तर प्रत्येकाला आपल्या लॅगचा अंदाज बांधून माणसाच्या पुढे नेम धरावा लागेल. अन्याय कोणावर तरी होणारच. तो मरणाऱ्यावर होऊ द्यायचा, असं ठरलं.

टिकरेटचा, म्हणजे सर्व्हर सेकंदाला किती वेळा हिशेब करतो याचा, वाद याच दुखण्यातून निघाला. ‘सीएस:गो’ या ‘काउंटर-स्ट्राइक’च्या पुढच्या आवृत्तीच्या अधिकृत सर्व्हरवर सेकंदाला ६४ वेळा हिशेब व्हायचा, बाहेरच्या स्पर्धा-सर्व्हरवर १२८ वेळा. २०२० मध्ये ‘व्हॅलोरंट’ने सगळ्यांनाच १२८ दिले. २०२३ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक २’ने दोन टिकांच्या मधला नेमका क्षण नोंदवायची वेगळी वाट धरली. पण ६४ वरून १२८ वर गेल्याने दोन टिकांतलं अंतर कमी होतं ते जेमतेम ८ मिलिसेकंदांनी. पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) ७० असलेल्याने यावर हातघाईवर येऊ नये.

खरं वळण कन्सोलवर आलं. २००१ च्या ‘हेलो’ने दोन काड्यांच्या कंट्रोलरवर शूटर नीट खेळता येतो हे पटवलं आणि २००४ च्या ‘हेलो २’ने ऑनलाइन मॅचमेकिंग रुळवलं. बटण दाबा, बरोबरीचे खेळाडू आपोआप मिळतील. सोय मोठी होती, पण रोजचा सर्व्हर, तिथले ओळखीचे लोक आणि तिथला ॲडमिन यांची त्यात गरजच उरली नाही. २००९ मध्ये ‘मॉडर्न वॉरफेअर २’च्या पीसी आवृत्तीतून खेळाडूंनी चालवायचे सर्व्हर काढून टाकले, तेव्हा भडका उडाला. मॅच आता कुठल्यातरी एका खेळाडूच्या मशीनवर चालणार होती. तो उठून गेला की सगळे ताटकळणार, आणि त्याला स्वतःला लॅग शून्य. निषेधाच्या पत्रावर लाखाहून अधिक सह्या झाल्या. मग गेम बाजारात आला त्या दिवशीचा एक स्क्रीनशॉट फिरला: स्टीम या व्हॉल्व्हच्या ऑनलाइन गेम-दुकानावरच्या बहिष्काराच्या ग्रुपची सदस्ययादी, आणि त्यातले कित्येकजण तोच गेम खेळत बसलेले. गेम तुफान खपला. खेळाडूंच्या रागाला किती किंमत द्यायची, याचा हिशेब कंपन्यांनी तिथेच मांडला असावा.

ॲडमिन गेला तशी चीटरना आवरायची जबाबदारी सॉफ्टवेअरवर आली. पंकबस्टर २००० पासून होता, व्हॉल्व्हचा व्हॅक २००२ पासून. दोघेही माणसाच्या जोडीने काम करायचे. व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड मात्र कॉम्प्युटर सुरू होतानाच विंडोजच्या गाभ्यात जाऊन बसतो. चीटर नकोत म्हणणारे आणि माझ्या मशीनमध्ये डोकावू नका म्हणणारे, पुष्कळदा एकच असतात.

मॅचमेकिंगचंही तसंच. बरोबरीचेच खेळाडू मिळतात म्हणून प्रत्येक मॅच घाम काढते, अशी चांगल्या खेळाडूंची ओरड. २०२४ मध्ये ॲक्टिव्हिजनने ‘कॉल ऑफ ड्यूटी’मधले आपले प्रयोग प्रसिद्ध केले. कौशल्याचा विचार कमी केल्यावर बहुतेक खेळाडू गेमकडे कमी फिरकले. आकडे कंपनीचेच आहेत, तरी त्यात नवल नाही. रोज मार खाणारा तक्रार लिहीत बसत नाही, गेम काढून टाकतो.

पैशांची कथा थोडक्यात: ‘टीम फोर्ट्रेस २’मधल्या पात्रांच्या टोप्या, २०१३ पासून सीएस:गोची स्किन्स (हत्यारांची सजावट), मग २०१७ मध्ये ‘बॅटलफ्रंट २’च्या लूट बॉक्सवरून (आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या पेट्या) उसळलेला संताप आणि पुढच्या वर्षी बेल्जियमने त्यांना जुगारात धरणं. २०२१ चा ‘बॅटलफील्ड २०४२’ तर साधा नेहमीचा स्कोअरबोर्डही न देता बाजारात आला. आरडाओरडा झाल्यावर तो पुढच्या वर्षी आला.

आता मागणी आणखी एक पाऊल मागे सरकली आहे: विकत घेतलेला गेम निदान चालू तरी राहू दे. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेला ‘कॉन्कॉर्ड’ दोन आठवड्यांत बंद पडला. पैसे परत मिळाले, गेम गेला. त्याच वर्षी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू झाली. निमित्त शूटरचं नव्हतं, ‘द क्रू’ या गाड्यांच्या गेमचं होतं. कंपनीने हात काढून घेतला तरी खेळाडूंना गेम चालवता येईल अशी तजवीज करून जा, एवढंच तिचं म्हणणं. जुलै २०२५ पर्यंत युरोपीय संघातल्या तिच्या अर्जावर १० लाखांवर सह्या झाल्या. कंपन्यांच्या संघटनेचं उत्तर असं की खाजगी सर्व्हरवर खेळाडूंची माहिती सुरक्षित राहणार नाही आणि बेकायदा मजकुरावर लक्षही ठेवता येणार नाही.